काळगंगा कुठवर येते

लिंबाजी सूर्यवंशीला दुपारची डुलकी लागली की नदी दिसायची. खोटं नाही सांगत. कचेरीतल्या टेबलावर कोपर टेकलेलं, समोर आलेखाचा कागद, डोक्यावर पंखा कुरकुरतोय, आणि याच्या मिटल्या डोळ्यांपुढं काळगंगा दोन्ही थड्या भरून सावकाश चाललेली. पाण्यावर बाभळीची पिवळी फुलं, कुणाची सुटलेली टोपली, वेलासकट वाहत आलेला एखादा भोपळा. आवाज मात्र कसलाच नाही. मग शिपाई चहाचा कप टेबलावर आपटायचा आणि नदी जायची. खिडकीबाहेर लातूरचं ऊन आणि टँकरमागं पळणाऱ्या घागरी.

लातूरचा नुकताच वेगळा जिल्हा झाला होता. उस्मानाबादेतून वेगळं निघालेलं बिऱ्हाड ते. भाड्याच्या घरांत कचेऱ्या, पाट्यांचा रंग बोटाला लागायचा, आणि खुर्च्या पुरत नाहीत म्हणून दोघांनी एका बाकावर बसायचं. त्यात पावसानं तोंड फिरवलेलं. अशा दिवसांत लिंबाजीकडं काम काय आलं, तर पुराचा अंदाज काढायचं! चहावाला गुरुपादप्पा रोज विचारायचा, "काय इंजिनेर, आज किती पूर आलाय?" लिंबाजी म्हणायचा, "कमरेएवढा," आणि कप पुढं करायचा.

पण काम थट्टेचं नव्हतं. निलंग्याच्या पुढं, कर्नाटकाच्या हद्दीकडं, सावळगाव म्हणून गाव आहे. लिंबाजीचंच गाव. तिथल्या बौद्धवस्तीला सरकार घरं बांधून देणार होतं, आणि जागा काळगंगेच्या काठचं गायरान. मऊ मातीची, रस्त्याला लागून, विहिरीपासून हाकेच्या अंतरावर. पिढ्यान्पिढ्या गावाबाहेर, उकिरड्याच्या वाऱ्याला राहिलेली माणसं ती. त्यांना अशी जागा मिळणार म्हटल्यावर वस्तीत नुसता आनंदीआनंद. घोडं अडलं होतं एकाच ठिकाणी. नदीकाठ म्हटल्यावर एका इंजिनिअरनं लिहून द्यायला हवं होतं, की शंभर वर्षांच्या पुरातही पाणी या घरांत शिरणार नाही. आणि तो इंजिनिअर होता लिंबाजी.

त्याला आईबाप आठवत नव्हते. धुरपताआत्यानं त्याला वाढवलं, लोकांच्या रानात रोजानं जाऊन. मॅट्रिक झाल्यावर डिप्लोमासाठी नांदेडला धाडला तोही तिनंच. तिथं त्यानं पहिल्यांदा भरलेली गोदावरी बघितली. घाटाच्या पायऱ्या एकेक करून पाण्याखाली जाताना बघत बसला आणि जेवायचंसुद्धा विसरला. ते पाणी तेव्हाच त्याच्या डोळ्यांत शिरलं असावं. बहात्तरच्या दुष्काळात सगळं सावळगाव खडी फोडत होतं, तेव्हा हा वसतिगृहात होता. आत्याचा निरोप यायचा, "इकडं समदं बेस हाय, तू येऊ नकोस." त्यानं तो खरा मानला. त्या वयात कोण खरा मानत नाही?

आता हा शंभर वर्षांचा पूर म्हणजे काय भानगड, ते जरा समजून घ्या, कारण सावळगावात ते कुणालाच समजलं नव्हतं. आत्याला वाटायचं, शंभर वर्षांनी एकदा येतो, म्हणजे आपल्या वाट्याला काही यायचा नाही.

"तसं न्हाई आत्या," लिंबाजी सांगायचा. "एक मडकं घे. त्यात शंभर चिठ्ठ्या टाक. एकीवर पूर, बाकी समद्या कोऱ्या. दरसाल हात घालायचा, एक काढायची, बघायची आन् परत टाकायची. लागोपाठ दोन साल बी पुराची निघंल. न्हाईतर तुझ्या नातवंडांची नातवंडं म्हातारी झाली तरी निघायची न्हाई."

"आन् मडकं कुणी भरलं?"

तिथंच तर गोम होती. मडकं कुणी भरलं, त्यात पुराची चिठ्ठी एक का चार, कुणालाच माहीत नव्हतं. पुलाच्या खांबावर पट्टी रंगवून काळगंगेचं पाणी मोजायला लागून जेमतेम अकरा पावसाळे झाले होते, त्यातले निम्मे कोरडे. एवढ्याशा चिठ्ठ्या बघून आख्ख्या मडक्याचा अंदाज करायचा! लिंबाजीनं कागदावर ठिपके मांडले, त्यांतून रेघ ओढली आणि ती पुढं शंभर वर्षांपर्यंत नेली. मग आपली चूक किती होऊ शकते ते दाखवणाऱ्या दोन रेघा तिच्या खाली-वर ओढल्या. ठिपक्यांजवळ त्या एकमेकींना चिकटून होत्या. पुढं जाता जाता सुपासारख्या फाकल्या. खालची म्हणे, पाणी थडीसुद्धा ओलांडायचं नाही. मधली म्हणे, गायरानाच्या अलीकडं थांबेल. वरची म्हणे, घरांत छातीएवढं. तिन्ही रेघा याच्याच हातच्या, आणि तिन्ही खऱ्या ठरू शकत होत्या. बिचाऱ्याला अन्न गोड लागेना.

अशा वेळी त्याला आसरा सापडली. नदीच्या उतारावर, गायरानाच्या खालच्या कडेला, शेंदूर फासलेला मोठा धोंडा होता. आसरा म्हणजे पाण्यातली देवता. तिला बायकांनी पुजायचं, बाप्यांनी तिकडं फिरकायचं नाही, असा रिवाज. पणज्यांच्या काळी, निजामाच्या राज्यात महापूर आला, तेव्हा पाणी जिथं थांबलं तिथंच बायकांनी आसरा बसवली, असं गावात कुणीही सांगायचं. पाणी आसरेला ओलांडत नाही म्हणे. लिंबाजीचा देवावर काडीचा विश्वास नव्हता, पुराच्या खुणेवर मात्र होता. म्हाताऱ्यांना विचारून त्यानं साल जुळवलं, दुर्बीण लावून धोंड्याची उंची घेतली आणि तो एक ठिपका कागदावर पार पुढं नेऊन ठेवला. अहो, काय सांगावं! फाकलेल्या रेघा गुमान जवळ आल्या. पाणी फार तर आसरेच्या पायाशी, घरं तिच्या वर. सगळं कसं झकास!

त्याचे वरिष्ठ अमृतरावसाहेब पान चघळत तो कागद बघत राहिले. "एका धोंड्यावर लईच भार टाकलास रे, सूर्यवंशी," म्हणाले. पण सही त्यांनीही केली.

मग गायरानावर पांढऱ्या फक्कीनं घरांच्या रेघा मारल्या गेल्या, आणि वस्ती तिथं राहायलाच लागली म्हणा ना. घर नाही, भिंत नाही, नुसत्या रेघा. पण बाया दुपारच्या उन्हात त्या रेघांच्या आत जाऊन बसायच्या. ही माझी चूल, ही मोरी, इथं जातं. शेजारणीकडं जायचं तर फक्की न पुसता दाराच्या जागेतूनच जायच्या. म्हातारा ग्यानोबा, लिंबाजीचा चुलता आणि वस्तीतला वडीलधारा, आपल्या नसलेल्या ओसरीवर पाय पसरून तंबाखू मळायचा आणि येणाऱ्याला म्हणायचा, "या, बसा." उन्हाच्या झळा हलायच्या, त्यांत माणसं हलायची, आणि लांबून बघणाऱ्याला सगळी वस्ती पाण्याखाली असल्यागत दिसायची. लिंबाजीनं एकदा तसं बघितलं आणि डोळे चोळले.

आत्याचं घर सगळ्यात खालच्या ओळीत, आसरेला लागून होतं.

"आत्या, तुझं घर कुणामुळं झालं ठाव हाय का?" लिंबाजी हसत हसत म्हणाला. "ह्या आसरेमुळं. ती नसती, तर मला सही करता आली नसती."

आत्याचा चेहरा पडला. त्या दिवसापासून तिचं जेवणाकडं लक्ष लागेना. पुढच्या रविवारी लिंबाजी गावी आला, तेव्हा तिनं त्याला नदीच्या उतारावर नेलं आणि बाभळीखाली बसवलं.

"लिंबा, मला काय शिव्या द्यायच्या त्या दे, पर आधी ऐकून घे," ती म्हणाली. "बहात्तरला नदीत थेंब न्हवता. पाटलाची सरजाबाई म्हणली, आसरा वर बसून राहिलीय, तिला काय मालूम खाली काय हाल हायत? तिला नदीत न्हेऊन ठेवू. तिलाबी तहान लागू दे. पर एवढा धोंडा हलवायचा कुणी? मंग तिनं आम्हाला हाक मारली. खडीवर संगंच बसायचो की. आम्ही देव सोडलेल्या, त्या आमच्या हातचं पाणी न पिणाऱ्या. तरीबी समद्यांनी मिळून लोटत लोटत तिला खाली न्हेली. म्होरल्या साली पाऊस आला. मंग तिला परत वर बसवायची व्हती."

तिनं पदरानं तोंड पुसलं आणि पुढं सांगू लागली.

"खाली न्हेणं सोपं. वर चढवताना जीव जायची पाळी आली. पोटात काय, तर रेशनच्या मिलो जवारीची लाल भाकर, ती बी अर्धी. अर्ध्या वाटंत माझ्या डोळ्याम्होरं अंधारी आली. बाकीच्या बी मटकन खाली बसल्या. सरजाबाई म्हणली, ऱ्हाऊ द्या गं, इथंच बसू द्या, ती बी बाईच हाय. पाणी थांबलं तिथं न्हाई रं ती, लिंबा. आमचा दम सरला तिथं बसलीय."

खरं सांगायचं तर घरांचं लिंबाजीच्या मनात आधी आलंच नाही. आधी आठवला तो 'समदं बेस हाय'चा निरोप. आपण वसतिगृहात पंगतीला बसत होतो तेव्हा ही इथं धोंड्याला पाठ लावून उभी होती. त्याला तिच्याकडं बघवेना.

"कुणाला सांगितलं कामून न्हाई?" त्यानं विचारलं.

"कुणाला सांगू? आपले लोक म्हणले असते, दीक्षा घिऊन धोंड्याला हात लावती. त्यांच्या लोकांनी सरजाबाईला घरात घेतलं नसतं. समद्यांनी शपथ घेतली. आता त्यातली मी हाय आन् ती हाय."

"मंग आधी कुठं व्हती आसरा?"

"वर."

"किती वर?"

"भुकेल्या माणसाला समदंच लई वर वाटतंय, बाबा."

दोघं उतार धुंडाळत फिरली. पूर्वी तिथं दाट बोराटी होती. दुष्काळात तीही तोडून जाळली गेली. खूण म्हणून काही उरलंच नव्हतं. आत्या एका जागी उभी राहायची, डोळे मिटायची, "इथं असंल" म्हणायची. मग वर जायची, "न्हाई, इथं." मग पार रस्त्यापाशी. मग पुन्हा खाली. लिंबाजी तिच्यामागं चालत होता आणि त्याला वाटत होतं, नदीच आत्याच्या पावलांनी उतारावर वरखाली करतेय. संध्याकाळपर्यंत दोघांनी हात टेकले.

दुसऱ्या दिवशी त्यानं अमृतरावसाहेबांना सगळं सांगितलं. साहेबांनी पान थुंकलं आणि दार लोटून घेतलं.

"धोंडा काढून टाकला तर काय उरतं?"

"पहिल्यासारखं सूप."

"मग मधली रेघ धर. आपण सगळीकडं तीच धरतो. घरं कोरडी राहतात."

"साहेब, धोंडा नुसता काढून कसा टाकू? तो ह्याच्या वर होता, एवढं तर खरं आहे."

"किती वर?"

"ते माहीत नाही."

"गावकरी सांगतात तो पूर तरी खरा कशावरून?"

"तेही माहीत नाही."

साहेबांचा आवाज एकदम मऊ झाला. "लिंबाजी, चूक तर तुझ्या हातून होणारच. ती कुठली व्हावी एवढंच तुझ्या हातात आहे. घरं वर नेलीस आणि पाणी आलंच नाही, तर ते लोक तुला जन्मभर शिव्या देतील. खाली ठेवलीस आणि आलं, तर शिव्या द्यायला कुणी उरायचं नाही. तू म्हणशील त्यावर मी सही करतो."

लिंबाजीनं वरची रेघ धरली.

विहारासमोर वस्ती जमली. लिंबाजी उभा राहिला आणि म्हणाला, की घरं गायरानावर होणार नाहीत. वरच्या माळावर होतील. माळ म्हणजे नुसता मुरूम आणि खडक. विहीर लांब, रस्ता लांब, वारा वाटेल तसा. आधी कुणाला काही कळेचना. मग एकच गलका उडाला.

"पर कामून?" ग्यानोबा ओरडला. "तूच सही केली व्हतीस ना?"

लिंबाजीनं बायकांच्या घोळक्याकडं बघितलं. आत्या उठायच्या बेतात होती, ओठ हलत होते. त्यानं मान हलवून तिला खाली बसवलं.

"माझा हिशेब चुकला," तो म्हणाला.

"शिकवला कशापायी तुला?" ग्यानोबाचे डोळे भरून आले होते. "परका इंजिनेर असता तर आम्ही भांडलो असतो. आपलंच लेकरू आपल्या मुळावर उठलं, कुणाला सांगावं?"

गायरानावरची फक्की वाऱ्यानं हळूहळू उडून गेली. माळावर घरं झाली. चांगली झाली, पण बायांना दिवसातून कितीदा तरी घागरी घेऊन ती चढण चढावी लागायची, आणि दर खेपेला लिंबाजीचा उद्धार व्हायचा. गावात त्याला 'चुकलेला साहेब' असं नावच पडलं. आत्याही त्याच घागरी चढवायची, आणि ते नाव कानावर पडलं की मान खाली घालायची. लिंबाजी गावी कमी येऊ लागला. डुलकीतली नदी आता रोज थोडी वर यायची. गायरान झाकायची, रस्ता झाकायची, माळाच्या पायथ्याशी येऊन थांबायची. जाग आल्यावर त्याला बरं वाटायचं. ह्यात बरं वाटण्यासारखं काय आहे, ते त्याचं त्यालाही समजत नव्हतं.

तिसऱ्या पावसाळ्यात काळगंगेला पूर आला. खरा पूर. दोन दिवस आभाळ फाटल्यागत कोसळलं, आणि बातमी कळताच लिंबाजी मिळेल त्या एस्टीनं निघाला. सकाळी पोचला तेव्हा सगळं गाव उतारावर उभं होतं. नदी स्वप्नातल्यासारखी मुळीच नव्हती. ही गढूळ होती, हिला वास होता, आणि हिचा आवाज छातीत घुमत होता. थडी ओलांडून ती उतारावर आली. लिंबाजीची नजर पाण्याच्या कडेवरून हलेना. कड एक दगड गिळायची, थोडी थबकायची, पुढचा गिळायची. पलीकडं, गावाच्या सखल आळीत, लोकांनी भांडीकुंडी आणि शेरडं छपरांवर चढवली होती.

दुपारी पाणी थांबलं. आसरेच्या बरंच खाली थांबलं, आणि मग हळूहळू उतरायला लागलं.

सगळ्यांच्या माना लिंबाजीकडं वळल्या.

"बघ लिंबाजी," ग्यानोबा म्हणाला. तो रागावलेला नव्हता, दमलेला होता, आणि ते जास्त लागलं. "असा पूर मी उभ्या जन्मात बघितला न्हाई. तरी आसरेच्या पायाला बी शिवला न्हाई. आमच्या बाया घागरी घिऊन चढून राहिल्या त्या कशापायी?"

एका पुरानं मडक्यात काय आहे ते कळत नाही, हे त्या ओल्या उतारावर लिंबाजी कुणाला सांगणार?

तेवढ्यात आत्या गर्दीतून पुढं आली. लिंबाजीनं तिचा हात धरला, तो तिनं झटकला.

"त्याचा हिशेब चुकला न्हाई," ती सगळ्यांना ऐकू जाईल अशी म्हणाली. "आसरा आम्ही हलवली. दुष्काळात. मी बी हात लावला. वर न्हेताना दम सरला म्हणून हितं सोडली. तिची जागा हितली न्हाईच."

वस्तीतले बापे आत्याकडं बघत राहिले. मग गर्दीच्या दुसऱ्या टोकाकडून, पाटलाच्या घरच्या बायकांतून, डोईवरचा पदर सावरत म्हातारी सरजाबाई म्हणाली, "मी बी व्हते. मीच बोलावलं व्हतं हिला." तिच्या लेकानं मान दुसरीकडं फिरवली.

ग्यानोबा ओल्या गवतावरच खाली बसला.

"मंग खरं पाणी कुठवर येतंय?"

"मालूम न्हाई, काका."

"तुला बी न्हाई?"

"कुणालाच न्हाई. ह्याच्या वर येऊ शकतंय, एवढंच ठाव हाय."

ग्यानोबानं मान वर करून लिंबाजीकडं बघितलं. "मंग तवाच का न्हाई सांगितलंस तसं?" तो म्हणाला. "चुकलो कामून म्हणलास, लेका?"

संध्याकाळी आत्यानं विहिरीवर घागर भरून घेतली आणि दोघं माळाच्या वाटेला लागली. लिंबाजीनं घागर मागितली, तिनं दिली नाही. अर्ध्या चढणीवर ती दम खायला थांबली. खाली काळगंगा उतरत्या उन्हात तांबूस दिसत होती.

"आत्या, मघाशी पाणी थांबलं ना," लिंबाजी म्हणाला, "तवा मी मनात म्हणत होतो, अजून ये. अजून थोडी वर ये. सखल आळीतली माणसं छपरांवर दिसत होती मला. पोरं दिसत होती. तरी म्हणत होतो."

आत्या आपल्याला माणसांतून उठवणार असं त्याला वाटलं.

आत्यानं घागर या कमरेवरून त्या कमरेवर घेतली. तिनं त्याच्याकडं बघितलं नाही, खाली नदीकडंच बघत राहिली.

"मी बी," ती म्हणाली.